नऊ नंबरची चिठ्ठी

१

कारखाना बंद होऊन आठ महिने झाले तरी मी साडेपाचलाच उठत होते. उठायचं, केस मागे घट्ट बांधायचे आणि खिडकीच्या उजेडात नखं बघायची. नख जरा वाढलेलं असलं की काचेवर घासतं, चरा गेल्यासारखा आवाज येतो आणि चांगला माल उगाच बाद होतो. आता तपासायला माल नव्हता, पण नखं मी रोज बघत होते. आमचे हे बस चालवतात, त्यांची पहिली फेरी सहाची. डबा घेताना ते माझ्या हातांकडे बघायचे. एकदाच म्हणाले, कांदे सोलायला चालतील अशी नखं आहेत. मी हसले. मग दिवसभर ते डोक्यात घोळत राहिलं.

सव्वीस वर्षं मी थर्मामीटर तपासले. काचेचे, पाऱ्याचे, ताप बघायचे. तपासणीची खोली कारखान्याच्या उत्तर टोकाला होती, कारण तिकडचा उजेड दिवसभर सारखा राहतो. कोमट पाण्याच्या टाकीतून नळ्या निघायच्या. आम्ही एकेक उचलून अंगठा आणि बोटामध्ये किंचित फिरवायचो. पाऱ्याची रेघ काचेत एकाच कोनातून दिसते. तो कोन बोटांना कळला की डोळ्यांना शोधावा लागत नाही. आकडा बघायचा, नळी ठेवायची, थोडं थांबायचं आणि पुन्हा बघायचा. खरं काम ते दुसऱ्यांदा बघण्याचं. काही नळ्यांमध्ये पारा नीट वर चढतो आणि बाहेर काढल्यावर गुपचूप खाली सरकतो. त्यांना आम्ही पळपुटे म्हणायचो. पळपुटा दिसायला अगदी साजरा असतो, आणि तापाने फणफणलेल्या माणसाला ठणठणीत ठरवतो.

पास झालेली नळी डबीत जायची आणि तिच्यासोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तारखेचा शिक्का आणि तपासणाऱ्याचा नंबर, पेन्सिलने, हाताने. माझा नंबर नऊ. कारखान्यात मला कुणी नावाने हाक मारली नाही. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांची मी नऊ नंबर. बाजारात कुणी भेटलं तरी, काय नऊ नंबर, वांगीपण फिरवून बघता का, असं विचारायचं. मी खरंच फिरवून बघायचे.

मग बटणावर चालणारे थर्मामीटर आले आणि आमची मागणी आटली. बंद झालो त्या दिवसापासून मला कुणी नऊ नंबर म्हटलं नाही. लेक दोन गल्ल्या पलीकडे राहते, ती नोकरीवर जाताना तिच्या अडीच वर्षांच्या ठमीला आमच्याकडे सोडू लागली. तू आता घरीच असतेस ना, म्हणाली. त्यात तिचं काही चुकलं नाही. मी घरीच असायचे.

एका गुरुवारी लेक ठमीला घेऊन आली ती घाईतच. पोर किरकिरतेय, पण ताप नाही, आत्ताच बघितला, नव्व्याण्णव आहे, असं सांगून पिशवी ठेवून गेली. मी ठमीला उचललं आणि तिचं कपाळ टेकलं तिथे माझा गळा भाजल्यासारखा झाला. पिशवीत नवा थर्मामीटर होता, काचेचा. माझ्या हट्टामुळे लेक काचेचाच घ्यायची. तो काखेत धरला. पारा चढताना मी डोळ्यांनी बघितला, एकशे तीनच्या वर. वाचायला म्हणून खिडकीशी नेला तोवर तो नव्व्याण्णववर येऊन बसला होता.

मी दुसऱ्यांदा लावला नाही. ठमीला चादरीत गुंडाळलं आणि धावत दवाखाना गाठला.

२

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी तासभर गेला असता तर झटका आला असता. सलाइन लावली. लेक धापा टाकत आली, मी पाहिला होता गं आई, नव्व्याण्णवच होता, असं पुन्हापुन्हा सांगत राहिली. मी तिला म्हटलं, तू बरोबर पाहिलंस. माल खराब होता.

ठमी झोपल्यावर मी बाकावर बसून थर्मामीटरची डबी उघडली. हा कुणी पास केला ते मला बघायचं होतं. मनात मी त्या माणसाला चार शब्द ऐकवून घेतले होते. चिठ्ठी उलगडली. अकरा दिवसांपूर्वीची तारीख, आणि खाली नऊ.

नऊ कुणीही लिहील. पण माझ्या नऊच्या शेपटीला शेवटी एक झटका असतो, कारण नंबर लिहून होईतो माझा डावा हात पुढची नळी उचलायला निघालेला असतो. तो झटका तिथे होता. घरी येऊन कपाटातल्या माझ्या जुन्या थर्मामीटरची चिठ्ठी काढली, सहा वर्षांपूर्वीची. दोन्ही शेजारी ठेवल्या, मग एकीवर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावल्या. एकच नऊ दिसला.

संध्याकाळी हे आल्यावर मी त्यांना दोन्ही दाखवल्या. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, नीट बघितलं. हे शांत डोक्याचे आहेत, रस्त्यावर कुणी आडवं आलं तरी शिवी देत नाहीत. त्यांचं म्हणणं, शिक्क्यात तारीख चुकीची बसली असेल, माल जुनाच असेल. किंवा कारखान्याचं सामान ज्याने विकत घेतलं त्याने तपासणीचं काम पुन्हा सुरू केलं असेल.

"नंबर माणसाचा नसतो गं," ते म्हणाले. "टेबलाचा असतो. टेबलावर दुसरं कुणी बसलं की तो नऊ."

बोलणं पटण्यासारखं होतं. त्यांच्या बसच्या जागेवरही उद्या दुसरा बसेल, असं ते म्हणाले आणि जेवायला बसले. मी मात्र त्या रात्री धड जेवले नाही. दुसरं कुणी बसलं असेल तर तिने माझी शेपटी कुठून आणली, हा प्रश्न नंतर पडला. त्याआधी एवढंच वाटलं होतं की माझ्या जागेवर बसून ती पळपुटे पास करतेय.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीच्या घराजवळच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा. काचेचेच हवेत म्हणणारी जुनी माणसं अजून आहेत, म्हणून तो दर मंगळवारी थोडे मागवायचा. कुठून येतात विचारलं तर म्हणाला, नेहमीचाच टेम्पो येतो, नेहमीचंच खोकं असतं. माल खराब आहे म्हटल्यावर त्याने वीस डब्या तपासायला म्हणून बिनबोभाट दिल्या. विसांत वीस चिठ्ठ्या नऊच्या. तारखा पुढेपुढे सरकत गेलेल्या. शेवटची चार दिवसांपूर्वीची. शिक्का चुकला असता तर सगळीकडे सारखाच चुकला असता.

स्वयंपाकघरातलं टेबल मी खिडकीशी ओढलं. पातेल्यात पाणी कोमट केलं, माझा जुना थर्मामीटर खात्रीचा म्हणून मध्ये धरला आणि एकेक नळी बुडवत गेले. उचलायची, फिरवायची, बघायची, ठेवायची, थांबायचं, पुन्हा बघायची. बोटांना काहीही आठवावं लागलं नाही. विसांत सहा पळपुटे निघाले. मान वर केली तेव्हा तीन तास होऊन गेले होते, चहा कपात गार पडला होता, आणि मी गुणगुणत होते. ठमी अजून दवाखान्यात होती आणि मी गुणगुणत होते. मला माझीच लाज वाटली.

ठमी शनिवारी घरी आली. मंगळवारी मी टेम्पो यायच्या आधीच दुकानात हजर. टेम्पोवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, गोदामातून उचलतो, गोदामात कोण आणून टाकतं ते त्याला काय माहीत. नव्या खोक्यातल्या वीस नळ्या तपासल्या. या वेळी चौदा पळपुटे. चिठ्ठ्यांवरच्या नऊंकडे मी बराच वेळ बघत बसले. शेपट्या लांबल्या होत्या, झटका कागदाच्या कडेपर्यंत गेला होता. न बघता लिहिणाऱ्याची घाई होती ती. ती घाई माझ्या ओळखीची होती. कुठून ओळखीची, हे त्या दिवशी मी स्वतःलाही सांगितलं नाही.

त्या आठवड्यात आणखी एक झालं. दुपारी लख्ख उजेडात मी माझा जुना, खात्रीचा थर्मामीटर हातात घेतला आणि मला त्यात रेघच दिसेना. फिरवला, तिरपा केला, डोळ्यांजवळ नेला. नुसती काच. पाऱ्याच्या जागी पांढरं. पाच-सात मिनिटांनी रेघ जणू कधी हललीच नव्हती अशी जागेवर होती. वय झालं, मी म्हटलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

४

सात नंबर माझ्या शेजारच्या स्टुलावर एकोणीस वर्षं बसली. आता ती पोहण्याच्या तलावावर किल्ल्या द्यायचं काम करत होती. लोक कपडे ठेवायला कपाट मागतात, ती किल्ली देते. मी गेले तेव्हा तिच्यापुढे रांग होती. ती प्रत्येक किल्ली अंगठा आणि बोटामध्ये जराशी फिरवून मग पुढे करत होती. तिला ते माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

रांग संपल्यावर तिने मला आत बसवलं. ओल्या फरशीचा आणि औषधी पाण्याचा वास येत होता. मी चिठ्ठ्या काढल्या, ठमीचं सगळं सांगितलं. तिने चिठ्ठ्यांना हात लावला नाही. मान खाली घालून ऐकत राहिली. तिला आश्चर्य वाटलं नाही, हे मला आवडलं नाही.

मग म्हणाली, "गेल्या सोमवारी सकाळी मी बसमधून जात होते. तू कारखान्याच्या फाटकातून आत शिरत होतीस. मी खिडकीतून हाक मारली."

सोमवारी सकाळी मी दवाखान्यातून आणलेल्या ठमीला मांडीवर घेऊन पेज भरवत होते. तसं मी तिला सांगितलं.

"असेल," ती म्हणाली. "तू वर बघितलं नाहीस. कारखान्याचा करडा एप्रन होता अंगावर. मला वाटलं, तुला परत बोलावलं आणि मला नाही. दोन दिवस मी तुझ्यावर रागावून होते बघ."

आम्ही दोघी हसलो, पण हसण्यात दम नव्हता. निघताना मी तिला विचारलं, सात नंबरच्या चिठ्ठ्या कुठे दिसतात का. तिने समोरच्या फळीवरच्या किल्ल्या उगाच सारख्या केल्या. तिने सांगितलं की ती बघत नाही. घरात एक थर्मामीटर होता, तो तिने डबी न उघडता शेजारणीला देऊन टाकला होता.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्यावर गेले. फाटकावर जुनेच पहारेकरी काका बसले होते. त्यांच्या एका डोळ्यात फूल पडलंय, दुसराही अधू झालाय. मला बघून ते उठले नाहीत, वर्षानुवर्षं विचारायचे तसं जेवण झालं का विचारलं. मीही सवयीने झालं म्हटलं. मग ते म्हणाले, तुम्ही एकट्याच येता रोज, बाकीच्यांचं कधी सुरू होणार? मी काय सांगणार? बघू, म्हटलं आणि आत गेले.

मोठ्या शेडमध्ये काहीच उरलं नव्हतं. यंत्रं उचलून नेली तिथे फरशीत बोल्टांची भोकं तेवढी होती. छताजवळची एक काच फुटली होती, तिच्याखाली कबुतरांची घाण. धूळ इतकी की माझी पावलं मागे उमटत होती. पुढे मात्र कुणाचीच नव्हती, हे मी नीट बघून घेतलं. मी मनाशी म्हटलं, झालं समाधान. आता परत फीर.

तेवढ्यात तो आवाज आला. काचेवर काच ठेवल्याचा. टिक.

तपासणीची खोली शेडच्या टोकाला होती आणि तिच्या दाराच्या वरच्या अर्ध्या भागात दुधी काच होती. मी उभी राहून ऐकू लागले. हा आवाज मी सव्वीस वर्षं ऐकला होता. उचललेली नळी खाली ठेवली की एक टिक. मग थांबा. मग दुसऱ्यांदा बघून झालं की दुसरी टिक. थांब्यात चार आकडे मोजून होतात. मी मोजायला लागले आणि एकावरच अडकले. टिक, टिक, टिक. मध्ये थांबाच नव्हता. कुणीतरी नळ्या नुसत्या उचलून ठेवत होतं.

मी दारापाशी गेले. काच दुधी असली तरी एका कोपऱ्यात रंग खरवडलेला आहे, तिथून साहेब आमच्यावर नजर ठेवायचे. मी तिथे डोळा लावला.

उत्तरेच्या खिडकीशी टेबल होतं. टाकीतून वाफ निघत होती. माझ्या स्टुलावर करडी पाठ होती, केस मागे घट्ट बांधलेले. डावा हात नळी उचलत होता, उजवा चिठ्ठीवर नऊ ओढत होता. डोकं मात्र नळीकडे नव्हतं. ते खिडकीबाहेर वळलेलं होतं, आणि खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, भिंत होती.

मग मला मान्य करावंच लागलं. कारखाना बंद होणार हे कळलं त्यानंतरच्या शेवटच्या आठवड्यात मी असंच बसले होते. भिंतीकडे बघत. सव्वीस वर्षांच्या बदल्यात एक छापील कागद हातात ठेवला होता, त्यावर माझं नावसुद्धा चुकलं होतं. अकरा ट्रे मी न बघता पास केले. मुद्दाम. एकेका चिठ्ठीवर नऊ लिहिताना मला बरं वाटत होतं. सातने बघितलं असेल. ती काही बोलली नाही. कदाचित तिनेही तेच केलं असेल. मी घरी कुणाला सांगितलं नाही, आणि काही दिवसांनी ते झालंच नव्हतं असं मला वाटायला लागलं.

पण अकरा ट्रे म्हणजे फार तर साडेतीनशे नळ्या. आणि त्या आठ महिन्यांपूर्वीच्या.

आत हात चालूच होते. मला भीती वाटली, पण त्याहून जास्त कीव आली. बंद झालं त्या दिवशी शेवटचा भोंगासुद्धा वाजवला नव्हता. आम्ही आपापले डबे उचलून निघालो होतो, एकमेकींकडे न बघता. कामातून उठायला आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

मी काचेला तोंड लावून म्हटलं, "नऊ नंबर. पुरे आता. काम संपलंय. घरी जा."

आवाज थांबला. डाव्या हातातली नळी तशीच हवेत राहिली. मग करड्या पाठीवरचं डोकं हळूहळू भिंतीकडून दाराकडे वळायला लागलं. कान दिसला, गाल दिसला. मी पुढचं बघायला थांबले नाही.

६

त्याच आठवड्यात मी वजनमापं खात्याच्या कचेरीत जाऊन सगळं लिहून दिलं. अकरा ट्रे, न बघता, मुद्दाम. खाली सही केली. तिथला अधिकारी भला माणूस होता. तारखांचं मी विचारलं तर म्हणाला, शिक्के उलटेसुलटे झाले असतील, तुम्ही त्याचा विचार करू नका. त्यांनी दुकानांमधून नऊच्या डब्या परत मागवल्या. औषधवाल्याने खोकं देऊन टाकलं आणि मला सांगितलं की मंगळवारचा टेम्पो यायचाच बंद झाला.

लेकीला मी स्वतः सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी. तिने ठमीला कडेवर घेतलं होतं. ती ओरडली नाही.

"तू बघितलंच नव्हतंस?" एवढंच तिने विचारलं. मी नाही म्हटलं. त्यानंतर तीन आठवडे ती ठमीला आणायची, पिशवी ठेवायची आणि उंबऱ्यातून परत जायची. चौथ्या आठवड्यात एका सकाळी आत आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि चहा कर म्हणाली. मी केला. दोघींनी प्यायला. ती विषय काढणार नाही हे मला कळलं, आणि मीही काढला नाही.

मला बरं वाटायला लागलं होतं. नखं बघायची आठवण दोन-दोन दिवस होत नसे. एकदा तर सात वाजेपर्यंत झोपले.

त्याच महिन्यातली एक संध्याकाळ. हे पाळी संपवून आले, दारात बसून बूट काढायला लागले. मी आत जेवणाची तयारी करत होते, दोन ताटं घेतली होती. बुटाची नाडी सोडता सोडता ते म्हणाले की आज गंमतच झाली. त्यांच्या शेवटच्या फेरीला म्हणे मी कारखान्याच्या थांब्यावर चढले, त्यांनी आरशातून बघितलं. मागच्या दाराने चढले, मागेच बसले. हात केला तर मी बघितलं नाही.

मी दिवसभर घरात होते. ठमी साक्षीला होती, ती नुकतीच गेली होती.

मी विचारलं, उतरले कुठे?

"आपल्याच थांब्यावर की," ते म्हणाले. "तो जुना एप्रन कशाला घातलास? मी म्हटलं, गाडी डेपोत लावून येईतो तू पुढे होशील. फार हळू चालत होतीस. दमली होतीस का?"

मी हो म्हटलं. ते दाराला कडी लावून हातपाय धुवायला मोरीत गेले. मोरीतल्या पाण्याचा आवाज येत होता आणि बाहेर जिन्यावर कुणीतरी एकेक पायरी चढत होतं, प्रत्येक पायरीवर थोडं थांबत.

मी फळीवरून तिसरं ताट काढलं, पुसलं आणि मांडलं. मग जाऊन दाराची कडी काढली.